खुंटीवरची पिशवी

शिंप्याच्या मुलाला आमचा सगळा रस्ता ‘साहेब’ म्हणतो. चाळिशी गाठलेला, अंगानं भरलेला, केस पाण्यानं चापून विंचरलेले आणि खांद्यावरून तिरकी घातलेली पिशवी. सकाळी बापाबरोबर दुकानाकडे येताना असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, मोठ्या कचेरीत निघालाय आणि आज पाचपन्नास जणांची कामं अडवून ठेवणार. समज मात्र चार-पाच वर्षांच्या मुलाची. जन्मापासूनच तशी. बोलायचा ते एखाददुसरा शब्द.

माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मी चपला, पिशव्या, पट्टे दुरुस्त करतो. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तो मला सुईभाऊ म्हणतो, कारण दोघांचंही पोट सुईवर. त्याची सुई नाजूक, माझी दांडगी, एवढाच काय तो फरक.

साहेबाच्या पिशवीत रिकामी रिळं होती, खडूचा तुकडा होता, दात पडलेला कंगवा होता आणि त्याच्या आईचा एक रुमाल होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पिशवीचा पट्टा चामड्याचा, तो मीच लावलेला. झिजला की मीच बदलायचो, पण साहेब पिशवी माझ्या हातात द्यायचा नाही. पट्टा बदलायचा तर त्यांच्या घरी जावं लागे. घरात पाऊल टाकलं की मगच तो पिशवी डोक्यावरून काढायचा आणि दाराजवळच्या खुंटीला लावायचा. बाहेर कुठंही ती खांद्यावरून उतरायची नाही. बहिणीकडे राहायला गेला तेव्हा पिशवी घालूनच झोपला. बहीण म्हणाली, ‘अरे, काढ ती, टोचेल.’ तर कूस वळून पिशवी पोटाशी घेतली.

दुसऱ्याच्या पिशवीचं मात्र उलट. त्यांच्या घरी कुणीही गेलं की साहेब आधी पाहुण्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायचा आणि आपल्या पिशवीशेजारी टांगायचा. माझी हत्यारांची थैलीही सुटायची नाही. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाची बॅग त्यानं अशी काही ओढली की तो बिचारा जिन्यापर्यंत मागं सरला.

मास्तर आतून ओरडला, ‘घाबरू नका हो! लुटत नाहीये, बसा म्हणतोय!’

साहेबाची आणखी एक खोड होती. ती मला उशिरा कळली. एकदा मी चहा मागवत होतो. विचारलं, ‘साहेब, चहा की दूध?’

‘दूध.’

दूध नव्हतं म्हणून मी सहज उलटं विचारलं, ‘दूध की चहा?’

‘चहा.’

मला वाटलं, पठ्ठ्या माझी फिरकी घेतोय. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाला, ‘शेवटचं ऐकलेलं तेवढंच त्याच्या हाती लागतं. त्याच्या आधीचं निसटून जातं.’

‘मग त्याला काय हवंय ते तुला कळतं कसं?’

‘मला माहीत असतं ना.’

आणि खरंच, त्यांचं सगळं त्यावर चालायचं. निळा सदरा ओला असला की मास्तर विचारायचा, ‘निळा की पांढरा?’ भाजी उरलेली असली की तिचं नाव शेवटी. साहेब कशालाही अडून बसायचा नाही. ‘जगात कुठल्या बापाचं पोरगं इतकं ऐकतं, सांग बरं,’ असं मास्तर मला ऐकवायचा. मी माझ्या मुलांचा विचार करून गप्प बसायचो.

दुपारपर्यंत साहेब केंद्रात असायचा. आमच्या भागात एक केंद्र आहे. साहेबासारखी मोठी माणसं सकाळी तिथं असतात, शाळा सुटल्यावर लहान मुलं येतात, आणि महिन्यातून एकदा घरी कुणाला तरी सांभाळणाऱ्यांची बैठक भरते. मी त्या बैठकीला जायचो, कारण माझी बायको तीन वर्षं अंथरुणावर होती. केंद्र तिच्यासाठी रोज दुपारी दोन तास एक बाई पाठवायचं. त्या दोन तासांत मी काय केलं असेन असं लोकांना वाटतं? मी झोपायचो. नुसता झोपायचो. बायको गेली, तरी बैठकीला जायचं मी सोडलं नाही. तिथं कुणी ‘कसे आहात’ विचारलं तर खरं सांगितलेलं चालतं.

एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मास्तरच्या मुलीचा फोन आला. ‘काका, बाबा फोन उचलत नाहीत. जरा बघता का?’ मी गेलो. दार आतून बंद. कडी वाजवली.

आतून साहेबाचा आवाज, ‘बाबा झोपलेत.’

‘अरे दार उघड.’

‘झोपलेत.’

खालच्या सुताराला बोलावून कडी तोडली. मास्तर न्हाणीघरात पडला होता. चक्कर येऊन पडला, डोकं आपटलं, मनगट मोडलं. दुपारपासून तिथंच. साहेबानं त्याच्या डोक्याखाली उशी ठेवली होती, अंगावर चादर घातली होती आणि शेजारी बसून तो बापाला थोपटत होता. जे जे बाप त्याच्यासाठी करायचा, ते सगळं त्यानं केलं होतं. कुणाला हाक मारायची, एवढंच त्याला माहीत नव्हतं. बापानं त्याच्यादेखत कधी कुणाला हाक मारलीच नव्हती.

मास्तर वाचला. हाताला प्लास्टर घातलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, चक्कर पुन्हा येऊ शकते.

मुलगी येऊन चार दिवस राहिली. ती बोलायला सडेतोड, बापावर गेलेली. ‘बाबा, पुढच्या वेळी काय?’

‘पुढची वेळ कशाला येतेय?’

‘तुम्ही सांगून ठेवलंय का तिला, येऊ नको म्हणून?’

‘तू घेऊन जा मग त्याला.’

तिच्या दोन खोल्या, एका खोलीत सासरे अंथरुणाला खिळलेले. मास्तरला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो बोलला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, ‘केंद्राच्या त्या घरात एक जागा झालीय. त्याच्यासारखे चौघं राहतात तिथं. सांभाळायला मावशी आहेत, त्यांचे मिस्टर आहेत. पायी जाण्याइतकं जवळ आहे. पण जागेसाठी दुसरेही थांबलेत, बाबा. या महिन्यात सांगायचंय.’

‘माझं पोरगं मी जिवंत असताना दुसऱ्याच्या दारात ठेवू?’

‘तुम्ही जिवंत असतानाच ठेवायचं. नंतर नेऊन सोडलं तर तो रोज तुमची वाट बघेल, आणि तुम्ही काही येणार नाही.’

यावर मास्तर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सुईभाऊ, चहा टाक.’ स्वतःच्या घरात मला!

मग केंद्रात बसणं झालं. केंद्राच्या बाई, मास्तर, मुलगी आणि साहेब. मास्तरनं मलाही ओढून नेलं होतं, ‘दोन विरुद्ध एक नको’ म्हणून. बाई वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण बोलणं शांत. त्या म्हणाल्या, ‘आपण सगळे बोललो. पण राहायचं त्याला आहे. त्यालाच विचारू या.’ आणि साहेबासमोर खुर्ची ओढून बसल्या. ‘साहेब, तुला बाबांच्या घरी राहायचंय की नव्या घरी?’

‘नव्या घरी,’ साहेब म्हणाला.

मुलीनं डोळे पुसले. मास्तर मात्र हसला. पत्ते हातात असलेल्या माणसासारखा. ‘थांबा बाई. साहेब, नव्या घरी राहायचंय की बाबांच्या घरी?’

‘बाबांच्या घरी.’

बाईंना समजायला एक क्षण लागला. ‘म्हणजे… मी रोज त्याला विचारते, गाणी की रंगकाम…’

‘आणि तो रंगकामाला बसतो,’ मास्तर म्हणाला. ‘तुम्ही रंगकाम शेवटी म्हणता.’

मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्या रागावल्या नाहीत. साहेबाकडे बघत राहिल्या, मग मास्तरकडे वळल्या. ‘हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. बरं झालं आज कळलं. पण मास्तर, एक विचारू? घरी तो जे जे निवडतो, ते त्याला हवं असतं की तुम्हाला?’

मास्तरचं हसू ओठावरच राहिलं. साहेब पिशवीतली रिळं काढून टेबलावर उभी करत होता.

‘मला कळतं त्याला काय हवं ते,’ मास्तर शेवटी म्हणाला. आवाज मात्र उतरलेला. मग एकदम त्याला काहीतरी सुचलं. ‘त्याच्या तोंडाचं सोडा. त्याची पिशवी बघा. किती वर्षं येतोय तो इथं? कधी काढली त्यानं पिशवी?’

‘नाही काढली,’ बाई म्हणाल्या. ‘जेवतानाही नाही.’

‘सख्ख्या बहिणीकडे नाही काढली. घर सोडून कुठंही नाही. ही पिशवी खोटं बोलत नाही. आठवडाभर न्या त्याला तुमच्या त्या घरी. मी फिरकणार नाही. शेवटच्या दिवशी येईन. पिशवी खांद्यावर असली तर पोराला घेऊन जाईन, आणि पुन्हा हा विषय माझ्यासमोर कुणी काढायचा नाही.’

‘आणि नसली तर?’ मुलीनं विचारलं.

‘नसली तर, नसली तर… असणारच!’

बाई म्हणाल्या, ‘चालेल.’

दोन दिवसांनी मास्तर माझ्या दुकानात आला. प्लास्टर गळ्यात, दुसऱ्या हातानं साहेबाला धरलेलं. बाकावर बसला आणि इकडचं तिकडचं बोलायला लागला. मी चपलेची टाच ठोकत होतो. थोड्या वेळानं म्हणाला, ‘साहेबाचा पट्टा सैल झालाय रे.’

‘गेल्या महिन्यात तर बदलला.’

‘ताणलाय. जरा आखूड कर. संध्याकाळी घरी ये, तो पिशवी काढेल तेव्हा टाके मारून टाक. वीतभर तरी आखूड कर.’

मी हातोडी खाली ठेवली. पट्टा वीतभर आखूड केला तर पिशवी बगलेत येईल. डोक्यावरून काढायची तर दुसऱ्यानं धरून काढावी लागेल. साहेबाला एकट्याला जमायचं नाही. हे मला दिसलं आणि मला दिसलं हे मास्तरलाही दिसलं. तरी तो मला म्हणाला, ‘बघतोस काय? पट्टा आखूड करता येत नाही तुला?’

‘येतो की. टेप काढ. माप तू घे, टाके मी मारतो.’

त्याच्या गळ्यात टेप कायम असते. त्यानं ती काढली, साहेबाला जवळ ओढलं. साहेब मापासाठी उभं राहावं तसा हात पसरून उभा राहिला. बापाकडून नवा सदरा मिळायच्या वेळी तो असाच उभा राहायचा. चेहऱ्यावर खुशी. मास्तरनं टेपेचं टोक त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि तिथंच थांबला. आयुष्यभर माणसांची मापं घेतलेला माणूस, त्याचा हात पुढे सरकेना.

‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘आहे तसाच असू दे.’

साहेब हात पसरून उभाच होता. मास्तरनं मग त्याच्या छातीचं, कमरेचं, बाहीचं माप खरोखर घेतलं. ‘सदरा शिवतो तुला. जा आता, बस.’

तो आठवडा मी विसरणार नाही. प्लास्टरचा हात असून मास्तर रोज दुकान उघडायचा. एका हातानं काय शिवणार? कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावून ठेवायचा आणि पुन्हा मोडायचा. चहावाला आला की त्याच्या तोंडून ‘चहा की’ एवढं निघून जायचं, पुढचं अडायचं. एकदा मी गंमत करायला म्हणालो, ‘मला विचार, मी सांगतो.’ तर म्हणाला, ‘तुझं काय, तू फुकटचं काहीही पिशील.’ बरं वाटलं. निदान खवचटपणा शाबूत होता.

एका दुपारी मात्र तो आपणहून बोलला. ‘सुईभाऊ, काल मी दुकानातून येताना भाजी आणली. घरी आल्यावर लक्षात आलं, ही मला आवडत नाही. साहेबाला आवडते म्हणून मी वर्षानुवर्षं आणतोय. मग आठवलं, आवडते असं त्यानं कधी सांगितलं? आम्ही दोघं इतकी वर्षं काय खात होतो रे?’

माझी बायको बोलायची बंद झाल्यावर मी तिला रोज केस वर बांधू का विचारायचो आणि वर बांधायचो. मी त्याला एवढंच म्हणालो, ‘वाईट तर खात नव्हता.’

आठवडा संपला त्या दिवशी मास्तरनं दाढी केली. आपली कामाची पिशवी खांद्यावरून तिरकी अडकवली, त्यात कात्री, टेप आणि घडी केलेला नवा सदरा. तो दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, आणि वाटभर त्याच्या टाक्यांना नावं ठेवत होता. वाटेत दोनदा म्हणाला, ‘येताना त्याचं सामान तू धर. माझ्या हाताला झेपायचं नाही.’

ते घर साधंच होतं. पायऱ्या, ओटा, आत मोठी खोली. खोलीत टेबल, टेबलावर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग. एका बाजूला तिथं राहणारा लांब मानेचा एक म्हातारा शेंगा सोलत होता, दुसऱ्या बाजूला साहेब. म्हातारा सोललेला दाणा उचलून साहेबाला दाखवायचा, साहेब मान हलवायचा, मगच दाणा भांड्यात जायचा. अख्खी कचेरी चालली होती.

बाई आणि मास्तरची मुलगी आधीच येऊन भिंतीशी बसल्या होत्या. मास्तर दारातच थांबला. मी त्याच्या मागून बघितलं. साहेबाच्या अंगात तोच पांढरा सदरा होता, उन्हाधुळीनं पिवळट झालेला. खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरका पट्टा मात्र अजून स्वच्छ पांढरा. इतकी वर्षं चामड्याखाली झाकलेला. पिशवी दाराशेजारच्या खुंटीवर होती.

‘कधी काढली?’ मास्तरनं विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही ठाऊक नसावं.

स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाल्या, ‘नक्की कुणी बघितलं नाही हो. परवा सकाळी उठले तर खुंटीवर दिसली. मी यांना म्हटलं, कुणी काही बोलू नका, उगाच परत घालेल.’

तेवढ्यात साहेबानं वर बघितलं. ‘बाबा!’ असा ओरडला की म्हाताऱ्याच्या हातातला दाणा उडाला. उठून आला, मास्तरच्या प्लास्टरला हात लावला, गालाला लावला. मास्तरचा सगळा चेहरा हलत होता. आणि मग त्यानं ते केलंच. सवयीनं केलं की ठरवून, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘इथं राहायचंय की घरी जायचंय?’

मुलगी उठून उभी राहिली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

‘घरी जायचंय,’ साहेब म्हणाला.

खोलीत सगळे खाली बघत होते. मास्तरही. साहेब तेवढा कुठंच न बघता आपल्या कामाला लागला होता. त्यानं बापाच्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला. प्लास्टरमध्ये पट्टा अडकला, तो त्यानं हळू सोडवला. मग पिशवी मास्तरच्या डोक्यावरून वर काढली, खुंटीपाशी नेली आणि आपल्या पिशवीच्या शेजारी टांगली. सरळ लोंबतेय ना, ते बघितलं. मग टेबलाजवळची एक खुर्ची ओढून तिच्यावर थाप मारली.

मास्तर बराच वेळ त्या दोन पिशव्यांकडे बघत राहिला. मग जाऊन खुर्चीवर बसला. एका हातानं शेंग सोलता येईना, म्हणून म्हाताऱ्यानं न बोलता शेंगा फोडून त्याच्यापुढे सरकवायला सुरुवात केली. साहेबानं बापाचा पहिला दाणा हातात घेऊन तपासला आणि भांड्यात टाकला.

‘पास झालो का रे?’ मास्तरनं विचारलं.

या प्रश्नात निवडायला दोन गोष्टी नव्हत्या. साहेब नुसता हसला.

आम्ही निघालो तेव्हा साहेब ओट्यापर्यंत आला, मग आतून म्हाताऱ्यानं हाक मारली तसा परत गेला. मुलगी बाईंशी बोलत मागं राहिली. मी आणि मास्तर रस्त्याला लागलो. माझ्या हातात सामान नव्हतं. कोपऱ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

‘मास्तर, तुझी पिशवी राहिली तिथंच.’

‘माहीत आहे.’

‘अरे, कात्री आहे तिच्यात. टेप आहे. आणतो थांब.’

‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘हात सुटेपर्यंत कोण शिवतंय? आणि रविवारी जायचंच आहे.’

थोडं पुढं गेल्यावर मोकळ्या खांद्यावर त्याचा हात गेला, तिथं काही नाही हे बघून परत आला. मग मला म्हणाला, ‘चल, चहा घेऊ. आज तू विचारू नकोस. मीच सांगतो काय हवं ते.’ आणि टपरीसमोर उभा राहून, काय हवं ते आठवत राहिला.